वापरणाऱ्याची चूक

"सही राहू दे. अंगठा लाव."

अकोल्यातल्या एका बँकेत जाळीमागचा बाबू मायला हे म्हणाला. माय त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठी असेल. पण 'लावा' नाही. 'लाव'.

मी तिसरीत होते. मायचा पदर धरून उभी होते. आणि खूश होते, कारण ती सही मी शिकवली होती. महिनाभर, रोज. आधी पाटीवर, मग माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. डाळ मिलमधून घरी आली की माय हात धुवायची, चहा टाकायची आणि माझ्यापुढं बसायची. तिच्या नावातला 'सु' तिला जमायचा नाही. उकार उलट्या बाजूला जायचा. मी आमच्या बाईंसारखी तिच्यावर ओरडायचे. ज्या दिवशी जमला त्या दिवशी ते पान फाडून तिनं पेटीत ठेवलं होतं.

माय म्हणाली, "साहेब, मले सही येते."

"येत असेल. उद्या जुळली नाही की डोकं आम्ही फोडायचं. तुम्हा लोकांची सही दर खेपेला वेगळी."

रांगेत मागं कुणीतरी हसलं. बाबूनं शाईची डबी जाळीखालून सरकवली. माय जरा वेळ पेन हातात धरून उभी राहिली. मग पेन ठेवलं. अंगठा शाईत टेकवला, कागदावर टेकवला. पुसायला कागद मागितला. त्यानं ऐकलं नाही. तिनं पदराला पुसला.

मला त्या बाबूचा राग आला नव्हता. मला मायचा राग आला होता. पेन काहून ठेवलं? एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. अपमान करणाऱ्याला सोडून अपमान झालेल्यावर चिडायचं, हे मी आठव्या वर्षीच शिकले होते.

हे सगळं मी त्या बाबूबद्दल लिहीत नाही. आमच्या वस्तीत असा बाबू प्रत्येकाला भेटलाय. मी माझ्याबद्दल लिहिते आहे. कारण पंचवीसेक वर्षांनी अंगठ्याची ती डबी मीच परत आणली. चांगल्या इंग्रजीत. परदेशातली पदवी हातात घेऊन.

आमची वस्ती बौद्धांची. बाबा मार्केट यार्डात हमाली करायचे. मी दहावीत असताना गेले. माय आणि पंचफुलामावशी डाळ मिलमध्ये तुरीची डाळ निवडायच्या. खडे, टरफल, किडकी डाळ वेगळी काढायची. दिवसभर तेच. पंचफुलामावशी सख्खी मावशी नाही. शेजारची. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा सोडून गेलेला. मिलमध्ये मायची उशिराची पाळी असली की मी मावशीकडेच जेवायचे. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीवर तिची बोटं उमटायची नाहीत, असं मला तेव्हा गमतीचं वाटायचं. खरंच उमटायची नाहीत. वर्षानुवर्षं डाळ चोळून दोघींच्या बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. जमिनीवर पडलेली टाचणी त्यांना उचलता यायची नाही. मला हाक मारायच्या.

बारावीनंतर अमरावतीच्या कॉलेजात नंबर लागला. मायला सुटी मिळाली नाही, म्हणून मावशी माझी पेटी घेऊन एसटीनं सोबत आली. होस्टेलच्या ऑफिसातल्या बाईनं माझा अर्ज वाचला, आडनाव वाचलं आणि म्हणाली, "खोली नाही. यादी फुल झाली." यादी भिंतीवर लावलेली होती. माझं नाव त्यात होतं. मी मावशीचा हात ओढला. म्हटलं, चल, बाहेर कुठं तरी पाहू.

मावशी हलली नाही. ऑफिसच्या दारात पेटी ठेवली आणि पेटीवर बसली.

"मी अथीच बसते," ती म्हणाली. "पोट्टीचं नाव भितीवर हाय. भितीवरचं नाव खोटं असन त पुसून टाका, मंग मी जाते."

दुपारी तीन वाजेपर्यंत बसली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला ओलांडून जात होती. शेवटी खोली मिळाली. मावशीनं उठताना कमरेवर हात ठेवला, मला म्हणाली, "शिक वं. पण असं पयून जात जाऊ नको."

हे मी मुद्दाम सांगते आहे. ती बाई माझ्यासाठी काय होती ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून. म्हणजे पुढं मी काय केलं तेही कळेल.

अर्थशास्त्रात एमए झाले, परीक्षा दिली आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेत अधिकारी म्हणून लागले. ही बँक तुमचे-आमचे पैसे ठेवत नाही. ही बाकीच्या बँकांवर नजर ठेवते, त्यांना नियम घालून देते. मुंबईत मोठी इमारत, लिफ्टमध्ये पितळी बटणं. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये मी म्हटलं, "मले चहा नको." टेबलावरचे सगळे हसले. वाईट मनानं नाही. गोड मानून. दुसऱ्या दिवसापासून मी 'मला' म्हणायला लागले. महिन्याभरात 'आमी'चं 'आम्ही' झालं. कुणी विचारलं, कुठल्या तुम्ही, तर मी म्हणायचे, विदर्भातली. नागपूर का? हो, त्या बाजूची. अकोला म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, अकोल्यात कुठं? आणि त्याच्या पुढचा प्रश्न मला ठाऊक होता.

सहा वर्षांनी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. बँकेनं रजा दिली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षं सार्वजनिक धोरण शिकले. म्हणजे सरकारचे आणि बँकांचे नियम कसे बनतात, कुणाच्या भल्याचे ठरतात, कुणाला चिरडतात, ते तपासायचं शास्त्र. मी खोटं बोलणार नाही, त्या दोन वर्षांनी मला खूप दिलं. नियम हा आभाळातून पडत नाही, तो कुणीतरी माणूस टेबलाशी बसून लिहितो, हे मला तिथं कळलं. आणि तिथं माझं आडनाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी रस्त्यानं वेगळी चालायला लागले होते, मान वर करून.

पण तिथंही आपले लोक होतेच. पुण्याची एक मुलगी माझ्या वर्गात होती. हुशार, मदत करणारी. एकदा तिच्या खोलीवर आम्ही सात-आठ भारतीय जेवायला जमलो. ती म्हणाली, "तुझ्यासारखी मेरिटवर आलेली माणसं पाहिली की बरं वाटतं. नाहीतर आमच्या कॉलेजात कोट्यातून आलेले... जाऊ दे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वरणात भात कालवला आणि मान हलवली.

त्या मान हलवण्यातूनच पुढचं सगळं झालं.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, बोटाच्या ठशावर पैसे देणारं यंत्र. खेडोपाडी बँकेची शाखा नसते. तिथं बँकेचा एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसतो. त्याला बँकमित्र म्हणतात. तुम्ही बोट टेकवायचं, ओळख पटली की तुमच्या खात्यातले पैसे हातात. न सही, न फॉर्म. गरिबाच्या दारात बँक. मी त्यावर मन लावून काम केलं. आणि काम चांगलं होतं, हे आजही म्हणते. फक्त एक गोष्ट राहत होती. काही लोकांचा ठसा यंत्र घेत नव्हतं. पुन्हा पुन्हा नाकारत होतं.

माझ्या मार्गदर्शक बाई वयस्कर होत्या. त्यांनी प्रबंधातल्या त्याबद्दलच्या ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, "ही माणसं कोण आहेत? यांचं काय चुकतं?"

मला उत्तर माहीत होतं. त्या क्षणी माहीत होतं. भाकरीवर न उमटणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढं आली. पण ते सांगायचं म्हणजे, मला कसं माहीत तेही सांगावं लागणार. माझी माय डाळ निवडायची. आम्ही अमुक वस्तीत राहायचो. आणि तो प्रबंध पुण्याची ती मुलगी वाचणार, आमच्या बँकेतले साहेब वाचणार. मी म्हणाले, "यंत्र नीट वापरत नाहीत. ओले हात, मळके हात. प्रशिक्षण दिलं की सुटेल."

बाई म्हणाल्या, "खात्री आहे?"

म्हटलं, हो.

तेच मी तळटीपेत लिहिलं. दोन ओळी. अपयशी व्यवहारांचं मुख्य कारण, वापरणाऱ्याची चूक.

परत आले तेव्हा बँकेत माझं वजन वाढलं होतं. परदेशात धोरण शिकून आलेली, शिवाय इथल्या ग्रामीण भागाचा अभ्यास. मला मोठ्या साहेबांच्या विभागात घेतलं. साहेब चांगले माणूस होते. त्यांचे वडील आणि आजोबाही बाहेर शिकलेले. माझा प्रबंध त्यांनी पुरा वाचला होता. काही महिन्यांनी त्यावरून बँकांना एक परिपत्रक गेलं. त्यात माझी तळटीप होती, शब्दही फारसे बदललेले नव्हते. ठसा तीनदा जुळला नाही तर बँकमित्रानं 'वापरणाऱ्याची चूक' अशी नोंद करायची आणि माणसाला परत पाठवायचं. सही घेऊन पैसे देण्याची जुनी वही बंद. ती मागासलेली पद्धत होती म्हणे.

तेच परिपत्रक घेऊन मी वर चढले. बढती मिळाली. आणि युरोपात एक नेमणूक होती, अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका मिळून चालवतात अशा एका संस्थेत, तीन वर्षांची. तिथं साहेब माझं नाव पाठवणार होते.

दर रविवारी मायचा फोन यायचा. ती अकोल्यातच, त्याच घरात राहते. मुंबईला येत नाही. एकदा ती म्हणाली, "पंचफुलाचा अंगठा घेत नाई वं ते मशीन. निराधारचे पैसे अटकून राह्यले तिचे. तीन चकरा झाल्या."

मी लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होते. म्हटलं, "हात धुवून लावायला सांग तिला."

माय म्हणाली, "बरं."

या एका 'बरं'बद्दल मला आजवर कुणी शिक्षा दिली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात साहेब आणि मी पाहणीसाठी अकोल्याला आलो. एक दिवस अकोला, दुसऱ्या दिवशी अमरावतीत पाच जिल्ह्यांच्या बँकांची बैठक. अकोल्यात शिबिर एका शाळेच्या वर्गात भरवलेलं होतं, आमच्या वस्तीपासून पायी दहा मिनिटांवर. मी मायला कळवलं नव्हतं. काम उरकून जाऊ, असं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर साहेबांच्या गाडीतून वस्तीत उतरायचं नव्हतं.

वर्गात फळ्यापुढं टेबल, टेबलावर यंत्र. एका बाजूला स्थानिक बँकेचा व्यवस्थापक आणि बँकमित्र. दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर साहेब आणि मी. बायका एकेक करून येत होत्या. बोट टेकवत होत्या, यंत्रातून आवाज येत होता, टाळ्या. सात जणी झाल्या. आठवी पंचफुलामावशी.

वाकली होती. केस पांढरे. पण तीच. तिनं मला दारातूनच पाहिलं. चेहरा उजळला तिचा. मी खाली टॅबलेटकडे पाहिलं.

तिनं अंगठा टेकवला. नाही. तर्जनी. नाही. व्यवस्थापकानं तिला बाहेरच्या नळावर पाठवलं, साबण देऊन. ती धुवून आली. नाही. पुन्हा पाठवलं. खिडकीतून सगळे पाहत होते. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, कुठं घालता हे हात? घासा जरा. सरकारनं मशीन दिली तरी तुम्हा लोकांना हात स्वच्छ ठेवणं होत नाही."

मावशी म्हणाली, "साहेब, हात सोच्छच हाय. घासून घासूनच त असे झाले."

वर्गात हशा. दहाही बोटं झाली. नाहीच. मग त्यानं खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि यंत्र पुसलं. तिच्याआधी सात जणी झाल्या होत्या. त्यांच्यानंतर पुसलं नव्हतं. मी ते पाहिलं. साहेबांनी पाहिलं की नाही, माहीत नाही.

व्यवस्थापक माझ्याकडे वळून हसला. "मॅडम, तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. वापरणाऱ्याची चूक."

मावशी अजून तिथंच उभी होती, माझ्याकडे पाहत. साहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ओळखता का तुम्ही यांना?"

मी म्हणाले, "नाही."

हळूच म्हणाले. पण वर्ग लहान होता.

व्यवस्थापकानं गंमत म्हणून मावशीला विचारलं, "काय आजी, या मॅडम कोण आहेत, माहीत आहे का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. म्हणाली, "नाई बाप्पा. एवढ्या मोठ्या बाईले मी कायले ओळखू?"

आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडली. मी टॅबलेटवर तिच्या नावापुढं नोंद केली. अयशस्वी. माझं बोट जराही थरथरलं नाही. तेच मला अजून सहन होत नाही.

दुपारी साहेब विश्रामगृहावर गेले. मी रिक्षानं घरी गेले. मायला सगळं आधीच कळलं होतं. ती ओट्यावर बसली होती. उठली नाही. पाणी दिलं नाही.

"तू तिले ओळख देली नाई," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

मी म्हटलं, "माय, नोकरीचं असतं. साहेब होते समोर. तुला नाही कळणार."

"मले नाई कळत. पंचफुलाले सांग. तिले कळते का पाहू."

मावशीचं घर दोन घरं सोडून. ती दारात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यापुढं खाली बसले. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून आणली होती. एकही नीट निघालं नाही. मी म्हटलं, "मावशी, मी चुकली." 'चुकले' नाही. 'चुकली'. कितीतरी वर्षांनी तोंडात आलं ते.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडत राहिली. मग म्हणाली, "मी ओळख नाई देली ते तुह्यासाठी. म्हटलं, हिचा साहेब बसून हाय, माह्यासारखीनं मावशी म्हटलं त हिची इज्जत जाईन. मी तुह्यासाठी गप राह्यली. तू कोणासाठी गप राह्यली?"

मी सुपातून उडालेले तांदूळ वेचायला लागले.

"सांग ना. शिकली तू एवढी. दुसऱ्या देशात जाऊन शिकली. सांग."

"मावशी, मले माहीत होतं," मी म्हणाले. "यंत्र काहून घेत नाही ते मले पयलेपासून माहीत होतं. आणि मी खोटं लिहिलं. मीच लिहिलं ते, वापरणाऱ्याची चूक."

तिला परिपत्रक, तळटीप काही समजलं नसेल असं मला वाटलं होतं. तिला सगळं समजलं. सूप थांबलं.

"म्हंजे त्या मास्तराची चूक नाई," ती म्हणाली. बँकमित्राला ती मास्तर म्हणायची. "मी त्याले उगाच शिव्या देल्या."

तिनं माफ केलं नाही. रडली नाही, ओरडली नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं. भर दुपारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून अमरावतीला निघालो. गाडीत साहेब माझ्याशी युरोपातल्या नेमणुकीबद्दलच बोलत होते. तिथली थंडी, घरं, काम. बडनेरा येईपर्यंत मी हो-हो करत होते. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते लोटलेलं दार होतं.

बैठक एका हॉटेलच्या सभागृहात होती. तिवसा, परतवाडा, नांदगाव खंडेश्वर, सगळीकडचे शाखाधिकारी आलेले. माझं सादरीकरण पहिलं. पडद्यावर माझाच आलेख. मी पहिली दोन पानं नेहमीसारखी वाचली. तिसऱ्या पानावर ती ओळ आली. मी थांबले. पाण्याचा घोट घेतला.

म्हटलं, "ही ओळ खोटी आहे."

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. "अपयश वापरणाऱ्याच्या चुकीनं होतं, हे मी लिहिलं. ते खोटं आहे. डाळ निवडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांच्या बोटांवर ठसाच उरत नाही. हे मला लिहितानाच माहीत होतं. माझी आई डाळ मिलमध्ये होती. आम्ही अकोल्याच्या बौद्ध वस्तीतले. ते सांगावं लागू नये म्हणून मी हे दडपलं. काल शिबिरात ज्यांना तीनदा हात धुवायला लावलं त्या माझ्या मावशी आहेत. साहेबांनी मला विचारलं, ओळखता का. मी खोटं बोलले."

मागच्या रांगेतून नांदगाव खंडेश्वरचा एक शाखाधिकारी उठला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडेही हेच होऊन राहिलं. पण त्या रकान्यात दुसरं काही लिहिताच येत नाही. दुसरा पर्यायच देला नाही तुम्ही."

तो बरोबर होता. पर्याय मीच दिला नव्हता.

साहेब उठले. शांतपणे बोलले. ते कधीच आवाज चढवत नाहीत. "मॅडमची भावना आपण सगळेच समजू शकतो. त्या ज्या परिस्थितीतून आल्या आहेत त्याचं कौतुकच आहे." मग माझ्याकडे वळले. "पण आपण ज्या घरातून येतो ना, ते घर दाराबाहेर ठेवून आकडे वाचावे लागतात. त्यासाठीच तर तुम्हाला बाहेर शिकायला पाठवलं."

लोकांनी माना हलवल्या. इंग्लंडमधल्या त्या खोलीत मी हलवली होती तशाच. सभ्य वाक्य होतं ते. जाळीमागच्या बाबूच्या वाक्यापेक्षा कितीतरी सभ्य. आणि तेच वाक्य होतं.

मी म्हटलं, "साहेब, घर बाहेर ठेवलं म्हणूनच आकडे चुकले. मी घर आत आणलं असतं तर ही ओळ लिहिली नसती. आणि तुम्ही तुमचं घर बाहेर ठेवून येता का, तेही एकदा पाहा."

ते बसले. चहाची सुटी जाहीर झाली. चहाच्या टेबलाशी माझ्याजवळ कुणी आलं नाही.

त्याच आठवड्यात मी लेखी टिपण दिलं. तळटीप मागं घेते, परिपत्रक दुरुस्त करावं, सहीची वही पुन्हा सुरू करावी, ठसा न जुळल्यास दोष माणसाच्या नावावर लिहू नये. आणि मला हे कसं माहीत, ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. विद्यापीठाकडेही तीच दुरुस्ती पाठवली. युरोपातली नेमणूक दुसऱ्या कुणाला मिळाली. मला नागपूरला तक्रार विभागात पाठवलं. आणि एक पत्र आलं, अधिकृत भूमिकेविरुद्ध जाहीर बोलल्याबद्दल खुलासा करावा.

पंचफुलामावशीचे पैसे आता शाखेतून मिळतात. तिच्या एकटीचे. मी फोन केला म्हणून. बाकीच्या बायका अजून नळावर हात धुताहेत. मावशी मायकडे येते, पण मी घरी असले की येत नाही. मी तिला दोष देत नाही. माय बोलते माझ्याशी. कमी बोलते.

परदेशी शिक्षणानं करिअर कसं घडतं, असं तरुण मुलं मला विचारतात. आपल्या वस्तीतली मुलंही विचारतात. मी त्यांना सांगते, जा. जरूर जा. मिळेल ते सगळं शिका. फक्त ज्या दिवशी तुम्हाला विचारतील, ही माणसं कोण आहेत, त्या दिवशी उत्तर द्या. मी दिलं नाही. त्याची किंमत मी नाही मोजली. पंचफुलामावशीनं मोजली, आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत अशा किती बायकांनी.

काही मित्र म्हणतात, राजीनामा दे, स्वाभिमान राहील. मी देणार नाही. नियम टेबलाशी बसून लिहिले जातात. मी त्या टेबलावरून उठले तर तिथं फक्त साहेब उरतील.

खुलाशाला मी उत्तर पाठवलं. तीन वाक्यांचं. मी जे बोलले ते खरं आहे. आधी लिहिलं होतं ते खोटं होतं. शिक्षा करायची तर खोट्याबद्दल करा.

परिपत्रकावर फेरविचाराची बैठक पुढच्या महिन्यात मुंबईला आहे. यादीत माझं नाव नाही. मी जाणार आहे.